समतानगरची ओळ

गेल्या महिन्यात आमच्या कार्यालयात नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवली. ओपन सोर्स, म्हणजे फुकट आणि आतून उघडी. नवीन काय काय आहे याची चार पानं आली होती. ती वाचायला घेतली आणि दुसऱ्या पानावर थांबलो. एका टेबलातली, म्हणजे तक्त्यातली, ओळ काढली तर तिच्या आधारानं असलेल्या दुसऱ्या टेबलातल्या ओळींचं काय करायचं, त्यात काहीतरी सुधारणा केली होती. मी चष्मा काढून ठेवला. शेजारच्या पोरीनं विचारलं, "काय झालं सर?" म्हटलं, डोळे दुखायलेत.

डोळे दुखत नव्हते. पन्नाशी उलटली, आता दुखायला डोळ्यांची गरज लागत नाही.

विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्या वर्षीच्या उन्हाळ्यातलं आहे हे. मी तेव्हा परभणीतच एका सरकारी कार्यालयात होतो. कुठल्या, ते राहू द्या. काम विहिरींचं होतं. जिल्ह्यातल्या ठरलेल्या विहिरी आणि हापसे, त्यांचं पाणी आमची माणसं दर महिन्याला मोजून आणायची आणि ते आकडे आम्ही कॉम्प्युटरात भरायचो. उन्हाळ्यात टँकर कुठं लागणार याचा अंदाज त्यावरून निघायचा.

कॉम्प्युटरची खोली म्हणजे आमच्याकडचं देवघर होतं. चपला बाहेर, खिडक्या बंद, एसी चालू. मे महिन्यात बाकीच्या टेबलांवरची माणसं फाईल दाखवायच्या निमित्तानं आत येऊन बसायची आणि घाम वाळला की जायची.

खोलीत कामाला आम्ही दोघं. दुसरा माझ्याच वयाचा, बी.कॉम. झालेला, पालमकडच्या एका गावचा. बौद्ध. बोटं माझ्यापेक्षा जलद आणि तोंड बोटांपेक्षा जलद. मी परमनंट होतो. तो एकोणतीस दिवसांच्या ऑर्डरवर होता. एकोणतीस दिवस काम, मग एक दिवस घरी बसायचं, मग पुन्हा नवी ऑर्डर. सलग नोकरी भरू नये, माणसानं हक्क सांगू नये, यासाठीची ती सरकारी युक्ती. त्या एका दिवसाला तो अमावस्या म्हणायचा. "भाऊ, उद्या आमची अमावस्या. मशीनीला सांभाळा."

तो मला तुमी म्हणायचा आणि मी त्याला तू. वय एकच, शिक्षण एकच. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

त्या वर्षी वरून पत्र आलं होतं की असल्या जुन्या लोकांना कायम करायचंय, साहेबांनी शिफारस पाठवावी. त्याचं लग्नही त्यावरच अडलं होतं. सोयरे म्हणत होते, आधी कायमची ऑर्डर दाखवा, मग सुपारी फोडू. साहेब माणूस वाईट नव्हते. "पाठवतो की," म्हणायचे. "टंचाईची मीटिंग होऊन जाऊ द्या, बसून एकदमच पाठवतो."

त्याच सुमाराला तेव्हाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. औरंगाबादहून एक तरुण इंजिनिअर फ्लॉप्यांचा डबा घेऊन आला होता. साहेबांनी विचारलं, "ह्याचा मालक कोण?"

"मालक नाही सर. बाहेरदेशी एका विद्यापीठात लिहिलंय. आतला कोडसुद्धा सोबत देतात. ज्याला येतं त्यानं उघडावं, बदलावं, पुढं द्यावं. मीच थोडं बदललंय."

"म्हंजी गावचा हापसा झाला की हो. कुणीबी यावं आन हापसावं."

माझा सोबती फ्लॉप्यांवर चिठ्ठ्या डकवत होता. मान वर न करता म्हणाला, "कुणीबी कुठं हापसतंय साहेब. आमच्या गावाला या एकदा."

सगळे हसले. साहेब जरा उशिरानं हसले.

नव्या आवृत्तीत काय आहे त्याची इंग्रजी पानं साहेबांनी मला दिली. "तुमचं इंग्रजी बरं हाय. वाचा आन समद्यांला मराठीत सांगा." मी दोन दिवस ती पानं वाचली. खरं सांगायचं तर आयुष्यात काही इतकं मन लावून वाचलेलं आठवत नाही. मग फळ्यावर चौकोन काढून सांगितलं. हे गावांचं टेबल, हे विहिरींचं. जुन्या आवृत्तीत दोघांचा एकमेकांशी संबंध नव्हता, असलाच तर आपल्या डोक्यात होता. आता मशीनच तो बांधून ठेवणार. जे गाव वरच्या टेबलात नाही, त्याची विहीर खाली घेणारच नाही. आणि वरची ओळ काढली तर तिच्या खालच्या साऱ्या ओळी तिच्याबरोबर जाणार. वरची आई समजा, खालची लेकरं. पूर्वी आई गेली तरी लेकरं तशीच बेवारस पडून राहायची, तसं आता होणार नाही.

पाण्याचा तांब्या घेऊन आलेले शिपाईमामा दारातच उभे होते. "म्हंजी माय मेली की लेकरंबी गाडायची? कोण्या मसन्यानं काढली ही अक्कल?"

सगळी खोली हसून हसून लोटपोट झाली. मीही हसलो, आणि फळ्यावर पुढचं लिहिलं: नाव चुकलं असेल तर आता ओळ न काढता जागच्या जागी बदलता येतं. शेवटचं लिहिलं: ओळ कुणी टाकली, कुणी काढली, मशीन नाव आणि वेळ धरून ठेवील. त्यासाठी प्रत्येकाला आपापलं नाव आणि आपापला पासवर्ड.

साहेब म्हणाले, "लय भारी. आता कुणाला ‘मी न्हाई केलं’ म्हणायला जागाच न्हाई."

पासवर्ड दिले गेले, पण आमची रीत काही बदलली नाही. सकाळी मशीन माझा सोबतीच चालू करायचा. मशीनला जाग यायला वेळ लागायचा; तेवढ्यात तो टेबल पुसायचा आणि आपल्या नावानं आत शिरायचा. मग दिवसभर जो बसेल तो त्याच्याच नावावर बसायचा. उघडलंच आहे तर बंद करून पुन्हा कशाला उघडा? घराचं दार एकानं उघडलं की घरातले सगळे त्यातून जातात, तसं ते होतं. इंजिनिअरनं सांगितलं होतं, असं करू नका. आम्ही "हो हो" म्हणालो होतो.

आता समतानगरचं सांगतो.

त्याच्या गावाच्या ओढ्यापलीकडं त्यांची वस्ती. नामांतराच्या पहिल्या दंगलीत तिथली घरं जाळली होती. हे त्यानं मला एकदाच सांगितलं, डबा खाताना, दुसरं काहीतरी बोलता बोलता. "जळाल्यावर सरकारचे पत्रे आले. पत्र्यासंगं नाव आलं. छप्पर गवताचं होतं तव्हा नावच नव्हतं, नुसता म्हारवाडा. मग आमच्या म्हाताऱ्यांनी बसून ठरवलं, समतानगर. पाटी रंगवली. पाटी दोनदा कुणीतरी काढून न्हेली, आमी तिसऱ्यांदा लावली. भाजी घ्या भाऊ, शेवग्याची हाय."

मी भाजी घेतली. ती घरं जळाली तेव्हा मी शाळेत होतो, दुसऱ्या गावी. आमच्या पारावर मोठी माणसं बोलत होती ते आठवतं. "जरा जास्तच झालं," असं म्हणत होती. माझ्या घरचं त्यात कुणी नव्हतं, असं मला सांगितलेलं आहे. मी कधी खोलात जाऊन विचारलं नाही.

गावांचं टेबल भरताना त्यानं आपल्या वस्तीची ओळ समतानगर म्हणून टाकली होती. साहेबांनी एकदा हटकलं. "सरकारी यादीत असं नाव न्हाई."

"ग्रामपंचायतीचा ठराव हाय साहेब. आणून दाखवतो."

"बघू," साहेब म्हणाले. ते बघू तसंच राहिलं. म्हणजे ओळ राहिली.

नामविस्ताराला तेव्हा काही महिने झाले होते. वरवर सगळं निवलं होतं, पण चहाच्या गाड्यावर अजून टोमणे निघायचे. हे घडलं त्या दिवशी सकाळी दुसऱ्या विभागातला एकजण माझ्या सोबत्याला म्हणाला, "मिळालं ना आता? का अजून कशाकशाची नावं बदलायची ऱ्हायली?"

तो बशीत चहा ओतत होता. म्हणाला, "तुमचं ऱ्हायलंय की. सांगा, काय ठिवायचं?"

गाड्यावर हशा झाला. मीही हसलो. पण परत येताना ते हसू राहिलं नाही. माझं नाव कुणी बदलत नव्हतं, माझं काही जात नव्हतं. तरी वाटलं, हा फार बोलतो. एवढंच. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की पुढं जे केलं ते यादी नीट करण्यासाठी केलं. ते खरं नाही. मला त्या ओळीचा राग आला होता.

दुपारी तो जेवायला गेला. मी त्याच्या खुर्चीत बसलो. टंचाईच्या मीटिंगसाठी गावांची यादी छापायची होती. ती वरून खाली बघताना पडद्यावर समतानगर आलं. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. साहेब बाहेर होते. मनाशी म्हटलं, सरकारी यादीत नाही ते मीटिंगला कशाला न्यायचं, आणि ओळ काढली.

जुन्या आवृत्तीत नाव बदलायची आमची पद्धत तीच होती. ओळ काढायची आणि त्याच नंबरानं नवी टाकायची. खालच्या विहिरी नंबर धरून बसलेल्या असायच्या. वर काय झालं ते त्यांना कळायचंही नाही. नव्या आवृत्तीत ते जागच्या जागी बदलता येत होतं, हे मीच फळ्यावर लिहिलं होतं. पण हात जुनेच होते. मशीननं विचारलं, पक्कं करू का? मी होय दाबलं. नवी ओळ टाकली, सरकारी यादीतल्या नावानं: हरिजन वस्ती. पक्कं करू का? होय.

मग खाली उतरून बघितलं. वस्तीची विहीर नव्हती. हापसा नव्हता. महिन्या-महिन्याला मोजलेलं पाणी, कुठल्या वर्षी किती खोल गेलं, काहीच नव्हतं. आईबरोबर लेकरं गेली होती. मीच हसवून हसवून सांगितलं होतं तसंच.

काढलेल्या ओळींची नोंद मशीन वेगळी ठेवत असे. आत काय होतं ते त्यात नसायचं; नंबर, वेळ आणि काढणाऱ्याचं नाव, एवढंच. मी ती उघडली. नाव त्याचं होतं. साहजिकच, सकाळी दार त्यानं उघडलं होतं.

ते नाव वाचून मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहायला मी इतकी वर्षं घेतली. भीती नाही वाटली, लाज नाही वाटली. सुटल्यासारखं वाटलं.

मग मी हरिजन वस्तीची ओळही काढून टाकली; ते नाव त्यानं टाकलं हे कुणाला पटलं नसतं. पहिली चूक हातानं झाली म्हणता येईल. ही दुसरी मी समजून केली.

तो आला, मान पुसत. "ऊन लय हाय भाऊ. जा, तुमी जेवून घ्या. मी बसतो."

मी उठलो. तो माझ्या जागी बसला, म्हणजे त्याच्याच जागी.

मीटिंगमध्ये पालमकडच्या एका जिल्हा परिषद सभासदानं नेमकं त्या वस्तीचं पाणी विचारलं. साहेबांनी कागद चाळले. वस्ती कागदावरच नव्हती. सगळ्यांदेखत त्यांना ऐकून घ्यावं लागलं. परत आले ते सरळ कॉम्प्युटरच्या खोलीत, चपला न काढता. नोंद उघडायला लावली आणि पडद्यावर बोट ठेवलं.

"हे नाव कुणाचं हाय?"

"माझंच हाय साहेब. पण मी न्हाई काढलं."

"मशीन खोटं बोलायलंय का?"

"मशीन कशाला खोटं बोलंल?" तो गोंधळला होता. मग माझ्याकडं वळला. "भाऊ, तुमी सांगा की. मी कशाला काढीन? माझीच वस्ती हाय ती."

मी म्हणालो, "आता मशीनमध्ये जे आहे ते आहे."

हे माझं वाक्य. खोटंही नव्हतं ते.

साहेबांनी मग आपल्या मनानं कारण शोधून काढलं आणि ते सगळ्यांना पटलं. हा आपल्या वस्तीच्या नावाशी काहीतरी खेळ करायला गेला, ठरावाचं नाव पक्कं करायला गेला, आणि होतं तेही घालवून बसला. दोन दिवसांत ते कार्यालयभर झालं. चहाच्या गाड्यावर त्या दिवशी टोमणा मारणाराच म्हणाला, "म्हणलं होतं का न्हाई, नावाच्या नादात पाणी गेलं." या वेळी माझा सोबती चहा अर्धा टाकून आत गेला.

खरं तर गेलं काहीच नव्हतं. मोजणीचे मूळ कागद कपाटात होते. त्यानंच ते काढले आणि सगळं पुन्हा भरलं. मी म्हटलं, अर्धं मी भरतो. "ऱ्हाऊ द्या भाऊ, माझ्या नावावर हाय ते," तो म्हणाला. वर गावाच्या टेबलात त्यानं ओळ टाकली ती साहेब सांगतील त्या नावानं टाकली. साहेबांनी काय नाव सांगितलं ते तुमच्या लक्षात आलं असेल. विहीर परत आली, हापसा परत आला.

शिफारस गेली नाही. त्याची ती ऑर्डर संपली, अमावस्येचा दिवस गेला, आणि पुढची ऑर्डर निघाली नाही. साहेब म्हणाले, "माझा इलाज न्हाई, वरपर्यंत बोभाटा झालाय." तो फ्लॉप्यांचा डबा माझ्याकडं द्यायला आला. कुठल्या चिठ्ठीवर काय आहे ते नीट सांगितलं. सकाळी मशीन चालू करताना पंखा कुरकुरला तर जरा थांबायचं, हेही सांगितलं. मी प्रत्येक गोष्टीला मान हलवली. तेव्हाही सांगता आलं असतं. सांगायला दारापर्यंत गेलोही होतो, पण तो चपला घालत होता आणि मी म्हणालो, "येत जा अधूनमधून."

तो कशाला येतोय.

मला त्यातून काही मिळालं नाही. बढती नाही, शाबासकी नाही. पुढं मशीनी बदलल्या, साहेब बदलले, मी दर नव्या आवृत्तीची पानं वाचून लोकांना मराठीत सांगत राहिलो. या कामात माझं नाव झालं. प्रत्येकाला सांगतो, आपापल्या नावानं बसा. लोकांना वाटतं मी शिस्तीचा आहे.

यंदाची पानं आली तेव्हा मात्र बसवेना. रविवारी यष्टीनं पालमला गेलो. त्याचा ठावठिकाणा मला सगळी वर्षं माहीत होता. आपल्याकडं अशी माहिती कानावर येतच राहते. झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान. लग्न झालं होतं, दुसरीकडं, उशिरा. केस पांढरे झालेले. बोटं अजून तशीच.

ओळखलं. स्टूल दिलं. बरंवाईट विचारून झालं. मग मी सगळं सांगितलं, जसं इथं लिहिलंय तसं, मधे टाकलेलं ते नाव तेवढं गाळून. त्याला तुम्ही म्हणून सांगितलं. ते त्याच्या कानावर पडलं. ऐकताना कुणाच्या तरी आधारकार्डाच्या प्रती कापत होता. कात्री थांबली नाही.

झाल्यावर विचारलं, "मधी नाव काय टाकलं होतं तुमी?"

"हरिजन वस्ती."

"हां."

पुन्हा थोडा वेळ कात्री चालली.

"मग साहेबाला तव्हाच का न्हाई सांगितलं?"

"भीती वाटली."

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. रागानं नाही. समजत नाही म्हणून बघतात तसं. "भेव कशाचं भाऊ? तुमी तर परमनंट होते."

बाहेर एक बाई सातबाऱ्याचा कागद घेऊन आली, तिचं काम त्यानं केलं. ती गेल्यावर मी म्हणालो, आता मी काय करू सांगा. साहेब वारले. ते मशीन भंगारात गेलं. कुणाला जाऊन सांगू?

"मग मला सांगून काय केलं तुमी? माझं गेलं ते गेलं. इतकी वर्षं मला वाटायचं, माझ्याच हातून काही दाबलं गेलं आसंल. आता तेबी ऱ्हायलं न्हाई." त्यानं प्रतींचा गठ्ठा टेबलावर ठोकून सारखा केला. "सांगायचंच आसंल तर लिव्हा कुठंतरी. फकस्त माझं नाव नका टाकू. एकदा टाकलं तेवढं बास झालं."

"बरं."

"तुमचं टाका."

यष्टीची वेळ झाली होती. त्यानं चहाचं विचारलं नाही, मीही थांबलो नाही. परतीच्या वाटेवर ते गाव लागतं. ओढ्यापलीकडं पाटी आहे, आता सिमेंटची. बसमधून ती वाचता येते.

त्याचं नाव मी टाकलं नाही, सांगितल्याप्रमाणं. माझंही टाकलेलं नाही. मुलगी याच जिल्ह्यात नोकरीला आहे, सून नव्यानंच घरात आलीय, आणि माझी स्वतःची दोन-तीन वर्षं राहिलीत. कारणं आहेत. तेव्हाही होतीच.